काजूचा हंगाम आणि माकडताप: सत्तरीच्या डोंगरात संदेश कुठे अडतो

डिसेंबर सरता सरता गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांवर काजूच्या झाडांखालची साफसफाई सुरू होते. वर्षभराचा पाचोळा ओढून काढायचा, झुडपं तोडायची, पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, नजरेला पडेल इतकी जमीन मोकळी करायची. फेब्रुवारी ते मे रोज सकाळी डोंगर चढायचा, बोंडू वेचायचा, पिरगळून बी वेगळी काढायची. बी पोत्यात जाते, बोंडू दारूच्या भट्टीकडे. आणि नेमक्या याच महिन्यांत त्याच पाचोळ्यात गोचिडीची पिल्लं अंगावर चढायला टपलेली असतात. माकडतापाचा विषाणू माणसात येतो तो मुख्यतः या पिल्लांच्या चाव्यातून.

हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला 1957 मध्ये, कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. गोव्यात तो ठळकपणे समोर आला 2015 मध्ये, सत्तरीतल्या पाली गावात. त्यात माणसं दगावली. 2016 मध्ये म्हाऊस भागात रुग्ण आढळले, आणि त्याच वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावातही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये गोव्यातल्या रुग्णांवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच काजूच्या कामगारांना कामातून होणारा संसर्ग हा होता. म्हणजे धोका कोणाला, कुठे आणि कधी, हे माहीत आहे. आजाराची माहिती त्या माणसापर्यंत पोहोचून त्याच्या दिवसभराच्या वागण्यात कशी उतरावी, हा या प्रकरणातला अवघड भाग आहे.

आधी संदेशात काय असतं ते पाहू. अंगभर कपडे घाला, गोचीड पळवणारं तेल लावा, जंगलातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा, मेलेलं माकड दिसल्यास कळवा, ताप आल्यास त्वरित आरोग्य केंद्रात जा. यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी सत्तरीतल्या बागायतीत ही पाचही वाक्यं वेगवेगळ्या कारणांनी अडतात. संवादाच्या संशोधनाचं काम ही कारणं एकेक करून शोधायचं आहे. 'माकडतापाबद्दल ऐकलंय का?' असा प्रश्न घेऊन घरोघर फिरलं तर भरपूर 'हो' मिळतील आणि अहवालात जाणीव उत्तम दिसेल. पण त्या 'हो'च्या आत काय आहे ते कळणार नाही.

गोचीड म्हणजे कोणती?

सत्तरीत गुरं नसलेलं घर कमीच, निदान शेजारी तरी गोठा असतोच. त्यामुळे गोचीड सगळ्यांच्या ओळखीची. पण ओळखीची आहे ती गाईच्या कानामागे, आचळांजवळ चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली. माकडताप पसरवणाऱ्या मुख्य जातीची, म्हणजे हिमाफायसालिस स्पिनिजेराची पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात गुरांच्या अंगावर असते. तिची अंडी फुटून पावसानंतर सहा पायांच्या अळ्या निघतात, आणि कोरड्या दिवसांत त्यांची आठ पायांची पिल्लं होतात. माणसाला चावतं ते हे पिल्लू. ते मोहरीच्या दाण्याएवढं, कधी त्याहूनही बारीक असतं. घामेजल्या पोटरीवर मातीचा कण आणि ते पिल्लू यांत फरक करायचा तर नजर तिथेच रोखून ठेवावी लागते. चावताना फारसं दुखतही नाही.

आता फलकावरचं चित्र आठवा. हातभर मोठी, आठ पाय पसरलेली, तपकिरी गोचीड. बघणाऱ्याला त्यात गोठ्यातली गोचीड दिसते, आणि काजूच्या दिवसांत गुरांवर तशी गोचीड दिसत नाही. मग तो म्हणतो, 'आमच्याकडे सध्या गोचीड नाही.' तो खोटं बोलत नाही, आपण दाखवलेल्या चित्राचं प्रामाणिक उत्तर देतो आहे. हंगाम आणि आकार या दोन्ही बाबतींत चित्र त्याला चुकीच्या जागी बघायला लावतं.

यावरचा उपाय साधा आणि स्वस्त आहे. हाताच्या पंजाएवढ्या पुठ्ठ्याच्या कार्डावर माणसाच्या पोटरीचं छायाचित्र छापायचं आणि त्यावर तीन-चार खरे मोहरीचे दाणे चिकटवायचे. आकाराबद्दल वेगळं बोलावंच लागत नाही. कार्ड हातात द्यायचं आणि विचारायचं, 'काकी, असं काही अंगावर दिसलं तर तुम्ही काय म्हणता त्याला?' जे नाव येईल ते लिहून घ्यायचं आणि त्या वाड्यापुरतं, म्हणजे त्या वस्तीपुरतं, संदेशात तेच वापरायचं. दोन गावांत दोन नावं आली तर दोन कार्डं. एकच शब्द सगळ्या तालुक्याला लावायचा हट्ट छपाईच्या सोयीसाठी असतो, ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे.

माकड आणि वानर

माकडताप या नावातच दोन अडचणी आहेत. लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं वानर, दोघंही या विषाणूने मरतात. पण नावात माकड असल्याने वानर मेलेलं दिसलं तर ते कळवायचं असतं हे अनेकांना सुचत नाही. दुसरी अडचण अशी, की नाव ऐकून आजार माकडाला हात लावल्याने, माकडाने उष्टावलेला बोंडू खाल्ल्याने होतो असं वाटतं. मग भीती काजूवर जाते. ज्या घराचं वर्षाचं गणित बी आणि हुर्राक (बोंडूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) यांवर उभं आहे, त्या घराला ही भीती परवडणारी नाही. असं घर आजाराचं नावच टाळू लागतं. म्हणून संदेशाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत स्पष्ट यायला हवं: बोंडू, बी, हुर्राक, फेणी यांतून हा ताप होत नाही, माणसाकडून माणसाला लागत नाही, तो गोचिडीच्या चाव्यातून होतो.

मेलेल्या माकडाभोवतीचा धोकाही समजावून सांगावा लागतो. जनावर थंड पडलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. म्हणूनच यंत्रणा अशा जागेभोवती साधारण 50 मीटरच्या परिसरात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारते. पण मारुतीचं रूप म्हणून मेलेल्या माकडाला श्रद्धेने पुरणारे लोक आहेत. त्यांना 'हात लावू नका' एवढंच सांगितलं तर तो श्रद्धेचा अवमान वाटतो. 'लांबूनच हात जोडा, फूल ठेवायचं तर वाटेवर ठेवा, पुरायचं काम पावडर मारणारे कर्मचारी करतील' हे वाक्य चालण्याची शक्यता जास्त. चालतं की नाही, ते विचारूनच ठरवायचं.

'जंगलात जाता का?'

सगळ्यात जास्त चुका या एका प्रश्नावर होतात, आणि त्या चुका आकडेवारीत दिसत नाहीत.

म्हादई अभयारण्य 1999 मध्ये घोषित झालं. सत्तरीतल्या कित्येक कुटुंबांची काजूची झाडं पिढ्यान्‌पिढ्या ज्या डोंगरावर आहेत, तो डोंगर कागदोपत्री वनखात्याचा किंवा अभयारण्याचा आहे. वनहक्क कायदा 2006 चा, पण त्याखालचे दावे वर्षानुवर्षं रेंगाळले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि जमिनीची चिंता पुन्हा वर आली. 2020 च्या जानेवारीत गोळावलीच्या रानात चार वाघ विषबाधेने मेलेले सापडले, तेव्हा गावातल्या गवळी-धनगर कुटुंबातल्या माणसांना अटक झाली होती. अशा ठिकाणी हातात छापील प्रश्नावली घेतलेला अनोळखी माणूस 'तुम्ही जंगलात किती वेळा जाता?' विचारतो, तेव्हा तो आरोग्याचा प्रश्न राहत नाही. उत्तर येतं, 'जात नाही.' आणि मेलेलं माकड दिसलं तर कळवा, असं सांगितलं की मनात पहिला प्रश्न उभा राहतो: मी तिथे काय करत होतो, असं विचारलं तर?

म्हणून प्रश्नातून 'जंगल' हा शब्दच काढायचा. 'काजूला', 'डोंगरावर', 'गुरांमागे', 'लाकडांना' हे कामाचे शब्द आहेत, त्यांना उत्तर मिळतं. जमिनीची मालकी, सर्व्हे क्रमांक, झाडांची संख्या यांतलं काहीही विचारायचं नाही, नोंदीत लिहायचं नाही. ठिकाण नोंदवायचं तर वाड्यापर्यंतच, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्यायचे नाहीत. संमती घेताना ही गोष्ट सुरुवातीलाच मोठ्याने सांगायची: ही माहिती आरोग्याच्या कामापुरती आहे, वनखात्याकडे किंवा अबकारी खात्याकडे जाणार नाही. आणि तसं खरंच होणार नसेल, म्हणजे माहिती कोणाकडे जाईल यावर आपलं नियंत्रण नसेल, तर ती माहिती गोळाच करू नये. या बाबतीत तडजोडीला जागा नाही. एकदा विश्वास तुटला की पुढच्या हंगामात आरोग्य सेविकेलाही दार उघडत नाही.

मेलेल्या माकडाची खबर देण्याचा मार्गही याच कारणाने वेगळा लागतो. वाड्यातल्या एका ओळखीच्या माणसाला, म्हणजे अंगणवाडी सेविकेला, भजनी मंडळाच्या प्रमुखाला किंवा दुकानदाराला सांगायचं. तो आरोग्य केंद्राला फोन करील, खबर देणाऱ्याचं नाव सांगणार नाही. हा करार आरोग्य केंद्राने आधी मान्य केलेला असला पाहिजे.

कोणापर्यंत पोहोचायचं राहतं

पंचायतीच्या सभेत येतात ते बहुतेक पुरुष, आणि त्यांतही बागायतीचे मालक. डोंगरावर पाचोळ्यात वाकलेले मात्र वेगळेच असतात. घरच्या बायका, काजूचा भाग पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेल्या माणसाने रोजावर आणलेले मजूर, हंगामापुरते परराज्यांतून आलेले, भट्टीजवळच्या खोपीत राहणारे कामगार, आणि गावापासून लांब वाड्यांवर राहणारे गवळी-धनगर. या चौघांना एका सभेत गाठता येत नाही. त्यांच्या जागा आणि वेळा निराळ्या आहेत.

ऑक्टोबरमध्येच बसून एक कोष्टक करावं: कोण, कुठे, किती वाजता थांबतं. बी विकायला माणसं खरेदी केंद्रावर किंवा दुकानात रांगेत उभी राहतात, तिथे हात मोकळे असतात. भट्टीवर संध्याकाळी बोंडू तुडवून रस निघेपर्यंत वेळ असतो. गवळी-धनगरांच्या वाड्यावर दूध काढून झाल्यावर. बायका दुपारी डोंगरावरच सावलीत बसून बोंडू पिरगळतात, तेव्हा बोलायचं असेल तर बोलणाऱ्याने डोंगर चढावा. त्यांना चार वाजता केंद्रावर बोलावू नये. रोजावरच्या मजुराचा अर्धा दिवस घेतला तर अर्ध्या दिवसाचा रोज द्यावा. त्याहून जास्त दिला तर लोक पैशांसाठी हवं ते उत्तर देतात, काहीच नाही दिला तर ज्याला सवड आहे तोच बोलतो.

मजुरांशी बोलताना दुभाषा म्हणून मुकादमाला घेऊ नये. सोयीचा असतो, पण त्याच्यासमोर मजूर ताप आल्याचंही सांगणार नाही. कन्नड किंवा हिंदी जाणणारा बाहेरचा माणूस घ्यावा. प्रत्येक गटातल्या सहा ते आठ जणांशी सविस्तर बोलावं, नवीन काही येईनासं झालं की थांबावं. यातल्या निम्म्या मुलाखती तरी चालता चालता, कामाच्या जागी व्हाव्यात. खोलीत बसून 'पूर्ण बाह्या घालता का?' विचारण्यापेक्षा डोंगरावर पाहिलेलं जास्त खरं. तिथे दिसतं की बाया नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर आधीच घालतात, तो काजूच्या चिकासाठी आणि उन्हासाठी. उघडी राहते ती घोट्यापासून गुडघ्यापर्यंतची पोटरी. मग 'अंगभर कपडे घाला' हे वाक्य कशासाठी? 'जुने मोजे लेग्गिंगवरून किंवा पँटवरून ओढा आणि वरून नाडी बांधा' हे सांगायचं.

तसंच बसायच्या जागेचं. बोंडू पिरगळायला माणसं झाडाखालीच, पाचोळ्यावर गोणपाट टाकून बसतात. गोणपाटावरून गोचीड सहज चढते. ढीग उचलून उघड्या कातळावर किंवा झाडून घेतलेल्या मोकळ्या जमिनीवर नेला, तर पाचोळ्यातला तासन्‌तासचा संपर्क वाचतो. यासाठी पैसा लागत नाही. सगळ्या संदेशांतून एकच निवडायचा झाला तर बसायची जागा बदलण्याचा निवडावा.

तेलाबाबत मात्र घाईने सल्ला देऊ नये. गोचीड पळवणारं डीएमपी किंवा डेपा तेल वाटलं जातं. ते उघड्या त्वचेवर लावायचं असतं, घामाने उतरतं, पुन्हा लावावं लागतं. बाटली घरी राहिली तर दुपारी लावणार कसं? बोंडू हाताळणाऱ्या हातांना वास लागला तर भट्टीवाला बोंडू घेईल का? ही शंका विचारून घ्यावी, आणि उत्तर आधीच ठरवावं: तेल पोटऱ्या, पावलं, मान आणि दंडाला, तळहातांना नाही. बाटली लहान, खिशात मावणारी. वाटप जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत, कारण साफसफाई करणारा माणूस बोंडू वेचणाऱ्याच्या आधी पाचोळ्यात शिरतो. मार्चमध्ये आलेल्या बाटल्या त्याच्या उपयोगाच्या नाहीत. पूर्वी लस होती, एका महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा आणि पुढे दरवर्षी. 2022 नंतर ती वापरात राहिलेली नाही. त्यामुळे सगळा भार आता वागण्यावर आणि वेळेत उपचारावर आहे.

संदेश छापण्याआधी

सत्तरीत घरात, शेतात बोललं जातं ते कोकणीच्या स्थानिक वळणाने. वाचायची सवय मराठीची आहे, शाळा, वर्तमानपत्रं, भजनं, पोथ्या यांतून. म्हणून छापील मजकूर मराठीत आणि बोललेला संदेश वाड्याच्या बोलीत, अशी विभागणी इथे बसते. ध्वनिमुद्रित निरोप दीड मिनिटाच्या आत असावा आणि तो गावातल्याच बाईच्या आवाजात असावा.

चाचणीची रीत अशी. पाच-सहा जणांना मसुदा एकेकट्याने ऐकवायचा. 'समजलं का?' हा प्रश्न विचारायचाच नाही, कारण त्याला कोणी 'नाही' म्हणत नाही. विचारायचं, 'वहिनी, तुमची जाऊ आज आली नाही, तिला तुम्ही हे कसं सांगाल?' ती सांगते ते शब्दशः लिहायचं. सहापैकी दोघांनी जरी उलटं किंवा अर्धं सांगितलं, तरी ते वाक्य बदलून नवीन सहा जणांकडे जायचं. अशा तीन फेऱ्या तरी होतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर छपाईला वेळ उरतो. शिगम्याला लोक मांडावर जमतात, सत्तरीत रणमाले हे लोकनाट्य होतं, तिथे संदेश द्यावा असं कोणालाही सुचतं. पण ती देवाची जागा आहे. गावकऱ्यांनी आपणहून म्हटलं तर आणि ते म्हणतील तेवढंच. शिवाय शिगमा फाल्गुनात येतो, तोवर हंगाम भरात असतो. तो आठवण करून द्यायला ठीक, सुरुवातीला नाही.

तापाच्या वाक्यावर सगळ्यात जास्त फेऱ्या लागतात. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी मोठा ताप, कपाळ फुटेल असं डोकं, कंबर आणि पोटऱ्या पिळवटणं, डोळे लाल, उलट्या, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. सुरुवातीला हे डेंग्यू किंवा लेप्टोसारखंच दिसतं. रोज बुडेल म्हणून माणूस दुकानातून गोळी घेऊन पुन्हा डोंगर चढतो. 'त्वरित' हा शब्द त्याच्यासाठी निराकार आहे. 'काजूला जाणाऱ्याला ताप आला, तर दुसरी सकाळ उजाडण्याआधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य: मी काजूला जातो' हे धरून ठेवता येतं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, काहींमुळे रक्तस्राव वाढू शकतो, हेही त्यातच. जाण्याची सोय नसेल तर 108.

यात एक गोष्ट बहुतेक पत्रकांतून सुटते. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी बरं वाटतं आणि मग ताप परत उलटतो, यावेळी मान आखडणं, हात थरथरणं, भ्रम होणं अशा मेंदूच्या लक्षणांसह. 'बरा झाला' म्हणून कामावर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना हे आधी माहीत असलं पाहिजे. म्हणून घरी सोडताना दिलेल्या कागदावर तिसऱ्या आठवड्याची तारीख हाताने लिहून द्यावी, आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा.

यश मोजायला पत्रकांची संख्या उपयोगाची नाही. तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: ताप चढल्यापासून केंद्रात येईपर्यंत गेलेले दिवस, मेलेल्या माकडाची खबर मिळण्यापासून पावडर पडेपर्यंतचे तास, आणि दर पंधरवड्याला डोंगरावर पाहिलेली बसायची जागा, किती जणी पाचोळ्यात आणि किती जणी कातळावर. तिसरी नोंद डोळ्यांनीच घ्यायची, विचारून नाही.

मेअखेर पहिल्या सरींबरोबर बाहेरचे मजूर गावी परततात. शेवटच्या आठवड्यात चावा झाला असेल तर ताप त्यांना तिथे येतो, आणि तिथल्या डॉक्टरला सत्तरीचं नावही माहीत नसतं. हंगामाचा शेवटचा पगार देताना पावणीवाल्याने प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, कन्नड आणि हिंदीत: हा माणूस गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या कामावर होता, अमुक तारखेपर्यंत. ताप आल्यास माकडतापाची तपासणी करावी. तारीख हाताने भरायची, आणि चिठ्ठी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालायची, कारण परतीचा प्रवास पावसातला असतो.